पाहणाऱ्याचा अर्धा वेष

(मीरा-भाईंदर येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



‘वेषांतर’ हा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांनी विचारलं, नाटकावर बोलणार की फसवणुकीवर? मी म्हटलं, दोन्हींवर. नट आणि तोतया ही माणसं अगदी वेगळी असतात, पण दोघांनाही आपलं काम एकट्याने पुरं करता येत नाही. कपडे, दाढी-मिशा, चाल, आवाज एवढी तयारी त्यांची. उरलेला अर्धा वेष पाहणारा चढवतो, स्वतःच्या मनातल्या भीतीतून नाहीतर इच्छेतून. आज मला या दुसऱ्या अर्ध्याबद्दल बोलायचं आहे. सुरुवात इथूनच, आपल्या शहरातून करतो.

४ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या काही कॉल सेंटरांवर छापे घातले. आत सातशेहून अधिक तरुण-तरुणी कामावर होते. आपली रात्र म्हणजे अमेरिकेतला दिवस, म्हणून ही वेळ. इथून तिकडे फोन लागायचा आणि बोलणारा सांगायचा, मी अमेरिकेच्या आयकर खात्यातला अधिकारी आहे, तुमचा कर थकलेला आहे, आत्ताच्या आत्ता भरला नाहीत तर पोलीस तुमच्या दाराशी येतील. पैसे गिफ्ट कार्डांच्या वाटेने यायचे. घाबरलेल्या माणसाने दुकानात जाऊन कार्ड विकत घ्यायचं आणि त्यावरचा आकडा फोनवर वाचून दाखवायचा. काय बोलायचं ते कागदावर लिहून दिलेलं असे, उच्चार घोटून घेतलेले असत, आणि बोलणाऱ्याचं नाव अमेरिकन असे.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अशाच एका टोळीवर आरोपपत्र ठेवलं. तिची केंद्रं अहमदाबादेत होती. पंधरा हजारांहून अधिक माणसं फसली, असं त्यात नमूद होतं. अमेरिकेत राहून हे पैसे फिरवणाऱ्या २१ जणांना २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने शिक्षा दिल्या. त्यांतली सर्वांत मोठी वीस वर्षांची होती.

या प्रकारात वेष मुळी नव्हताच. गणवेश नाही, बिल्ला नाही, कुणी कुणाचा चेहरा पाहिला नाही. होता तो नुसता आवाज. तरीही पलीकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे अधिकारी उभा राहिला, त्याच्यामागे गाडी उभी राहिली, हातकड्या दिसल्या. हे सगळं मीरा रोडच्या त्या मुलाने घडवलं नव्हतं. फसलेल्यांमध्ये म्हातारी माणसं होती आणि नुकतीच त्या देशात स्थिरावलेली परदेशी माणसं होती. सरकारी पत्र आलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो, अशी ही माणसं. आपल्या कागदपत्रांत काहीतरी कमी पडलं असेल, ही धास्ती त्यांच्या मनात आधीपासून होती. फोनवरच्या आवाजाने त्या धास्तीला फक्त हाक मारली.

फोन करणाऱ्या मुलांबद्दलही बोललं पाहिजे. गुन्हा हा गुन्हाच, आणि एखाद्या आजीची शिल्लक लुबाडणाऱ्याला माझ्याकडे सवलत नाही. पण रात्री आठ-नऊ तास आपलं नाव, आपली बोली आणि आपलं गाव बाजूला ठेवायचं, हे या मुलांना चोरांनी पहिल्यांदा शिकवलं नाही. त्याआधी कितीतरी वर्षं संपूर्ण कायदेशीर कॉल सेंटरांनी आपल्या शिकलेल्या मुलांना हेच कसब म्हणून शिकवलं होतं आणि त्याचा पगार दिला होता. आपल्याला त्याचं कौतुकही होतं. आमच्या मुलाचं इंग्रजी ऐकून समोरच्याला पत्ता लागत नाही, असं सांगणारे आईबाप मी पाहिले आहेत. समोरच्याला पत्ता लागू न देणं हेच ज्या कामाचं कौशल्य, त्या कामात कायदेशीर आणि बेकायदेशीर यांच्या मधली भिंत पातळ असणारच. त्या मुलांतल्याच दोन तरुणांनी अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाला भारतातून फोन करून आतला प्रकार सांगितला होता, हे नंतर वृत्तपत्रांत आलं. मला त्या फोनचं मोल फार मोठं वाटतं.

आता सुमारे अडीचशे वर्षं मागे जाऊ. मराठ्यांच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला तोतया म्हणजे भाऊसाहेबांचा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांचं शव ओळखलं गेलं की नाही, याबद्दल अनेकांच्या मनात शंका राहिली. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलंच नाही. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. घराघरांतून कुणी ना कुणी त्या रणावर गेलेलं होतं आणि परतलं नव्हतं. अशा वेळी उत्तरेतला सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण पुढे आला आणि म्हणू लागला, मीच भाऊ.

थोरल्या माधवरावांच्या काळात त्याची चौकशी झाली, तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण १७७६ मध्ये, तो रत्नागिरीला कैदेत असताना, तिथला सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडलं आणि भाऊसाहेब म्हणून उभं केलं. मग कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्याकडे जाऊ लागले. हजारो माणसं त्याच्या निशाणाखाली जमली आणि फौज घाटापर्यंत येऊन ठेपली. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. तो मुंबईच्या रोखाने पळाला, आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी याच विषयावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं.

मला विचार करायला लावतो तो मधला काळ. जो माणूस चौकशीत खोटा ठरून कैदेत गेला, तोच काही वर्षांनी खरा कसा झाला? त्याचा चेहरा तर बदलला नव्हता. बदललं होतं ते राज्य. १७७३ मध्ये नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. राघोबादादा इंग्रजांना जाऊन मिळाले. गादीवर सवाई माधवराव, १७७४ चा जन्म, म्हणजे दोन वर्षांचं मूल. कारभार बारभाईंच्या हातात. अशा घडीला एखादा कर्ता, वयाने मोठा, रणात उतरलेला पेशवा हवा, असं असंख्य लोकांना वाटत होतं, आणि भाऊंपेक्षा अधिक योग्य नाव कोणतं असणार? सुखनिधानाने अंगावर भाऊंची वस्त्रं घातली असतील. त्या वस्त्रांत भाऊ भरले ते कोकणातल्या माणसांनी. त्यांना मूर्ख म्हणायला माझी जीभ वळत नाही. पंधरा वर्षं परत न आलेल्या माणसाची वाट पाहणारा समाज होता तो.

शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेतही हाच धागा दिसतो. ऑगस्ट १६६६ मध्ये महाराज निसटले तेव्हा त्यांच्या जागी हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन पडून राहिले होते, अशी आपली परंपरा सांगते. पहारेकऱ्यांना आजारी राजा पाहण्याची सवय लागली होती, म्हणून त्यांना आजारी राजाच दिसला. पुढच्या वाटेवरचा बैरागीही असाच. उत्तरेच्या रस्त्यांवर बैराग्याकडे दोनदा कोण पाहणार? लपायचं असेल तर लोक ज्याच्याकडे पाहत नाहीत असं कुणीतरी व्हावं, हे जगातल्या सगळ्या पळालेल्यांना ठाऊक असतं.

इंग्रजी आणि स्पॅनिश साहित्याने या विषयात फार खोल विहिरी खणल्या आहेत. सेर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’चा पहिला भाग १६०५ चा. त्यात वेडावलेल्या नायकाला घरी परत आणण्यासाठी गावचा धर्मगुरू आणि न्हावी वेषांतराचा घाट घालतात. शेवटी दोरोतेआ नावाची एक हुशार तरुणी संकटात सापडलेली राजकन्या बनते आणि राक्षसापासून माझं राज्य वाचवा म्हणून त्याच्या पाया पडते. तिला फार काही करावंच लागत नाही. संकटातली राजकन्या आपल्याला शोधत येणार, याची तो माणूस वर्षानुवर्षं वाटच पाहत असतो. भाऊंच्या तोतयाची गोष्ट वाचताना मला नेहमी ही दोरोतेआ आठवते. फरक इतकाच की ती त्याला घरी न्यायला आलेली असते.

इंग्रजीतलं उदाहरण शेरलॉक होम्सचं घेऊ. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ ही कथा १८९१ मध्ये आली. त्यात होम्स साध्याभोळ्या पाद्र्याच्या वेषात आयरीन अॅडलरच्या घरात शिरतो. तिला संशय येतो, ती पुरुषाचे कपडे चढवून त्याच्या मागोमाग जाते आणि त्याच्याच दारात त्याला नाव घेऊन शुभरात्री म्हणते. ओळखीचा वाटणारा तो आवाज कुणाचा, हे होम्सला त्या रात्री कळत नाही. दुसऱ्याच्या बुटावरच्या चिखलावरून त्याचा प्रवास सांगणारा हा माणूस! एखादी बाई आपल्यावर मात करील हे त्याच्या हिशेबातच नव्हतं, आणि म्हणून त्याच्या डोळ्यांना ती दिसली नाही.

रंगभूमीवर येऊ. शेक्सपिअरच्या काळात इंग्लंडमध्ये व्यावसायिक रंगमंचावर स्त्रिया नव्हत्या. त्या १६६० नंतर आल्या. त्यामुळे ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधली व्हायोला म्हणजे स्त्री झालेला एक मुलगा, आणि ती पुन्हा पुरुषवेष घेते. स्पेनमध्ये मात्र १५८७ पासून स्त्रियांना रंगमंचाची परवानगी होती. तिर्सो दे मोलिनाच्या ‘हिरव्या विजारीचा दोन हिल’ या १६१५ च्या नाटकात दगा दिलेल्या प्रियकराचा पाठलाग करण्यासाठी हुआना पुरुषवेष चढवते, तेव्हा ती खरोखरच नटी असते. प्रेक्षकांना हा प्रकार अतोनात आवडे आणि धर्ममार्तंडांना अतोनात खटके. नाटकाबाहेरही अशी एक बाई होऊन गेली. कातालिना दे एराउसो कॉन्व्हेंटमधून पळाली, पुरुषवेषात दक्षिण अमेरिकेत सैनिक म्हणून लढली. तिचं खरं रूप कळल्यावर स्पेनच्या राजाने तिला निवृत्तिवेतन दिलं आणि पोपने पुरुषवेषात राहण्याची मुभा दिली.

आपल्याकडे १८८२ च्या ‘संगीत सौभद्र’मध्ये अर्जुन यतीच्या वेषात सुभद्रेच्या घरी राहतो. पुढे ती सुभद्रा म्हणजे बालगंधर्व. म्हणजे पुरुषाच्या देहातली सुभद्रा संन्याशाच्या वेषातल्या अर्जुनाला ओळखत नाही, आणि पुढे बसलेल्या हजार माणसांना दोघंही पुरते ठाऊक असतात. फसवणूक कुठेच नाही. तिकीट काढून, जाणूनबुजून, आनंदाने घातलेला अर्धा वेष आहे हा.

पण या आनंदाचंही ओझं होतं. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले. १९११ मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली, आणि तरी त्यांनी भामिनी उभी केली. त्यांच्या लुगड्यांची, दागिन्यांची, केसांत माळलेल्या गजऱ्याची नक्कल चांगल्या घरच्या बायका करू लागल्या. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले. पुरुषाच्या भूमिकेतले बालगंधर्व काही लोकांना रुचले नाहीत. दोन वर्षांनी पडद्यावर ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले, मीराबाई म्हणून. पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसाने स्वतःच्या रूपात यावं, एवढी जागाही आपण त्यांना दिली नाही. त्यांच्यावरच्या आपल्या प्रेमाची ही बाजू आपण क्वचितच बोलून दाखवतो, म्हणून आज मुद्दाम बोललो.

आता मला ज्यांच्याबद्दल खूप जिव्हाळा आहे त्या बहुरूप्यांकडे वळतो. आपल्यातल्या जुन्या माणसांनी बहुरूपी पोलीस पाहिला असेल. खाकी कपडे, हातात दंडुका, दारात उभं राहून मोठ्याने नाव पुकारायचं आणि घरमालकावर वॉरंट बजावायचं. आरोप असा की ऐकणाऱ्याला हसू आवरू नये. पोरं आधी आईच्या पदरामागे दडायची, मग हळूहळू पुढे यायची. शेवटी तोच फौजदार वाकून सलाम करी, आपण बहुरूपी असल्याचं सांगे आणि बिदागी मागे. भीती दाखवायची, ती आपल्याच हाताने उतरवायची आणि मग मजुरी घ्यायची, असा त्या कलेचा क्रम. बिदागीच्या आधी खरं सांगणं ही त्या माणसाची सचोटी होती.

आज तोच फौजदार मोबाइलच्या पडद्यावर येतो. अंगावर गणवेश, मागे ठाण्याचा देखावा, आणि हुकूम असा की तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, पैसे या खात्यात भरा. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना यावर बोलावं लागलं. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. सरकारी नोकर असल्याचं भासवणं, फसवण्याच्या हेतूने त्याचा पोशाख करणं आणि तोतयेगिरीने ठकवणं हे भारतीय न्याय संहितेच्या २०४, २०५ आणि ३१९ या कलमांखाली गुन्हे आहेत. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक. या सभागृहातही असा फोन येऊन गेलेले कुणी असतील आणि त्यांनी लाजेने घरात सांगितलं नसेल. त्यांना हात जोडून विनंती, की घरी सांगा. वर्दी पाहिली की हातपाय गार पडावेत, हे आपल्याला शंभर-दीडशे वर्षं शिकवलं गेलं आहे. त्या शिकवणीचा फायदा कुणीतरी घेतला, यात तुमची बुद्धी कमी पडलेली नाही.

आणि ज्यांनी कधी कुणाला फसवलं नाही त्यांच्यावरही पाहणाऱ्याची भीती वेष चढवते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्यात, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. मोबाइलवर अफवा फिरत होत्या. ती माणसं पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या वाटेने भिक्षा मागत आली होती. मुलं पळवणाऱ्यांचं रूप त्यांना गावाने दिलं, आणि दिलेल्या त्या रूपासाठी त्यांना मारलं. तोतया, बहुरूपी, बालगंधर्व यांच्याबद्दल बोलताना मी ज्या दुसऱ्या अर्ध्या वेषाचा उल्लेख करत आलो, तो संपूर्ण वेष झाला की काय होतं ते राईनपाड्यात दिसलं. भटक्या समाजातले कार्यकर्ते तेव्हापासून ही गोष्ट पुनःपुन्हा सांगत आले आहेत. आपण शहरातल्यांनी ती पुरेशी ऐकलेली नाही.

आता लपावं लागणाऱ्यांबद्दल, कारण आपल्या शहराशी याचा संबंध सर्वांत जवळचा आहे. विराटाच्या घरी पांडव लपले. युधिष्ठिर कंक झाला, भीम बल्लव झाला, अर्जुन बृहन्नडा झाला आणि द्रौपदीला सैरंध्री व्हावं लागलं. खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ लिहिलं तेव्हा कीचकाच्या जागी कर्झन आणि द्रौपदीच्या जागी पारतंत्र्यातला देश प्रेक्षकांनी आपणहून पाहिला. कथा महाभारतातली, आशय चालू घडीचा. सरकारनेही तो पाहिला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. उघड बोलता येत नाही तेव्हा माणसं जुन्या कथेचा वेष घेतात, आणि अशा वेळी वेष घेणाऱ्याला जाब विचारण्याआधी बोलण्याची वाट कुणी बंद केली ते विचारलं पाहिजे.

१९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ आपण सगळ्यांनी कितीतरी वेळा पाहिला आहे. आपण हसतो ते लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन पिळगांवकर यांच्या बाईपणाला, आणि हसलंच पाहिजे, इतकं ते काम सुंदर आहे. पण त्या चौघांना ही उठाठेव का करावी लागते? घरमालकिणीला फक्त जोडपी हवी असतात. एकट्या तरुणांना शहरात जागा मिळत नाही, एवढंच कारण.

मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास होती; २०११ मध्ये ती आठ लाखांच्या वर गेली. दहा वर्षांत आलेली ही माणसं मुख्यतः एका गोष्टीसाठी आली, परवडणाऱ्या छपरासाठी. ती आली गुजरातेतून, उत्तर प्रदेशातून, कोकणातून, मुंबईच्या चाळींतून, आणि सगळ्या धर्मांतून. त्यांच्यातल्या कितीजणांनी घर शोधताना आडनाव आखूड केलं असेल? मांसाहार करत नाही असं सांगून मग खिडक्या बंद करून स्वयंपाक केला असेल? घटस्फोटित बाईने नवरा परगावी नोकरीला असल्याचं सांगितलं असेल? दलालच आधी पढवतो, काय सांगायचं आणि काय नाही. घरासाठीच्या मुलाखतीला जाणारा माणूस तोतया नसतो. त्याला कुणाचा पैसा लुबाडायचा नसतो, कुणाच्या गादीवर बसायचं नसतं. पहिला पाऊस यायच्या आत सामान लावून व्हावं एवढीच त्याची इच्छा असते. त्या घरात पुढे वर्षानुवर्षं राहणारी त्याची मुलं मात्र आपलं खरं नाव जिन्यात हळू आवाजात घ्यायला शिकतात.

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आपापल्या गृहनिर्माण संस्थांचे सभासद आहात, काही पदाधिकारीही आहात. भाडेकरूची पोलिसांकडे नोंद व्हावी, त्याची ओळख तपासली जावी, याला माझी हरकत नाही; तोतयांच्या काळात ती काळजी घ्यायलाच हवी. पण त्यापलीकडे आपण त्याला जे विचारतो, जात, धर्म, ताटात काय असतं, लग्न झालंय का, त्यातला एकेक प्रश्न संस्थेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडा आणि तो कशासाठी विचारायचा, याचं कारण सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. ज्याचं कारण लिहिता येणार नाही तो प्रश्न खोडून टाका.